पहारेकरी आणि पाहुणा



आगमनकाळ हा वाट पाहण्याचा काळ आहे. वाट पाहणे म्हणजे काय, हे आपल्या धर्मग्रामात सर्वांत चांगले कोणाला ठाऊक असेल, तर ते गरोदर असलेल्या आपल्या भगिनींना. त्या मिस्साला येतात, मागच्या बाकावर टेकून बसतात, गुडघे टेकणे जमत नाही म्हणून बसल्या जागीच हात जोडतात. या आठवड्यात त्यांच्याविषयी लिहावे असे वाटले. ऐकून थोडे नवल वाटेल, पण विषय आहे त्यांच्या रक्ताचा. त्या रक्तात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो आपल्या घराचा व गावाचाही प्रश्न आहे. परक्याला आत घ्यायचे, तर आपण आपले उरतो का?

गरोदरपणात रक्ताची तपासणी होते. रिपोर्ट हाती आला की घरची मंडळी प्रथम हिमोग्लोबिन पाहतात. मग कोणाची तरी नजर पांढऱ्या पेशींच्या आकड्यावर जाते. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात. इथे मात्र १३,००० किंवा १४,००० लिहिलेले असते आणि सासूबाईंच्या पोटात गोळा येतो. डॉक्टर रिपोर्ट पाहतात, ताप किंवा जळजळ आहे का ते विचारतात आणि तसे काही नसेल तर काळजीचे कारण नाही म्हणून सांगतात. गरोदरपणात हा आकडा १५-१६ हजारांपर्यंत जाणे नेहमीचे आहे. प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यावर तो २० हजारांच्या वरही जाऊ शकतो. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत तो पुन्हा खाली येतो.

या पांढऱ्या पेशी म्हणजे आपल्या शरीराचे पहारेकरी. आपला कोण आणि परका कोण हे ओळखणे आणि परक्याला हुसकावून लावणे, हे त्यांचे काम. ते काम त्या चोख करतात म्हणून आपण जिवंत आहोत.

आता विचार करा. पोटातले बाळ आईचे असते, पण पूर्णपणे आईचे नसते. त्याचा अर्धा वारसा बापाकडून आलेला असतो. त्याच्या पेशींवर बापाच्याही खुणा असतात आणि आईच्या पहारेकऱ्यांच्या दृष्टीने त्या खुणा परक्या आहेत. उद्या त्याच बापाची किडनी त्याच आईला बसवायची म्हटली, तर तिच्या शरीराने ती झिडकारू नये म्हणून तिला पुढे कायम औषधे घ्यावी लागतील. बाळ मात्र नऊ महिने तिच्या पोटात राहते, तिच्याच रक्तावर वाढते आणि सुखरूप बाहेर येते. हे कसे घडते?

एका शास्त्रज्ञाचे कोडे

हा प्रश्न नेमक्या शब्दांत विचारला तो पीटर मेडावार या ब्रिटिश शास्त्रज्ञाने. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या रुग्णांवर दुसऱ्याची कातडी बसवण्याचे प्रयत्न होत होते. ती कातडी काही दिवसांतच गळून पडे. मेडावार यांनी याचा अभ्यास केला आणि शरीर परक्याला ओळखून नाकारते हे दाखवून दिले. शरीराला परक्याची सवय कशी लावता येते, या शोधासाठी १९६० साली त्यांना फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी १९५३ सालीच त्यांनी हे कोडे मांडले होते : जे शरीर दुसऱ्याच्या कातडीचा तुकडाही सहन करत नाही, ते अख्खे बाळ कसे सांभाळते?

त्यांनी तीन शक्यता सुचवल्या. एक, आई आणि बाळ यांच्यामध्ये भक्कम भिंत असावी. दोन, बाळ इतके कोवळे असावे की त्याच्या अंगावरच्या खुणा अजून उमटलेल्याच नसाव्यात. तीन, त्या काळात आईचे पहारेकरी सुस्तावत असावेत. तिन्ही अंदाज बुद्धिमान होते. पण पुढच्या संशोधनातून दिसले की एवढ्याने कोडे सुटत नाही.

भिंतीचे म्हणाल, तर ती पक्की नाही. वारेतील बाळाच्या बाजूच्या पेशी थेट आईच्या रक्तात न्हात असतात. बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात, आईच्या काही बाळात जातात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, मुलगा झाल्यानंतर तब्बल २७ वर्षांनी एका आईच्या रक्तात पुरुष-गुणसूत्र असलेल्या पेशी सापडल्या. मुलगा केव्हाच मोठा होऊन संसाराला लागण्याच्या वयाचा झालेला, आणि त्याची खूण आईच्या रक्तात अजून फिरते आहे!

खुणांचे म्हणाल, तर आईच्या शरीराला त्या ओळखू येतात. अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांच्या रक्तात पतीकडून आलेल्या खुणांविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडतात. निगेटिव्ह रक्तगटाच्या स्त्रियांना तर हे अनुभवाने माहीत आहे. आई आर-एच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर आईचे शरीर बाळाच्या लाल पेशींविरुद्ध तयार होऊ शकते आणि त्याचा त्रास पुढच्या बाळाला होतो. त्यासाठीचे अँटी-डी इंजेक्शन १९६८ पासून वापरात आहे. त्याने असंख्य बाळे वाचवली आहेत.

आणि पहारेकरी सुस्तावतात म्हणावे, तर वरचा रिपोर्ट पाहा. त्यांची संख्या घटत नाही, वाढते. जंतूंवर प्रथम तुटून पडणाऱ्या पेशी गरोदरपणात अधिक संख्येने रक्तात फिरत असतात.

आत काय घडते?

मग घडते काय? पहारा उठत नाही. पहाऱ्याची रीत बदलते.

आपल्या रक्तात काही पेशी अशा आहेत, ज्यांचे काम इतर पहारेकऱ्यांना आवरणे हे आहे. त्यांना नियामक टी-पेशी म्हणतात. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ साली या पेशींकडे जगाचे लक्ष वेधले. २०२५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना आणि मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांना याच विषयातील कार्यासाठी देण्यात आले. या पेशी नसत्या तर पहारेकरी स्वतःच्याच घरावर चालून गेले असते.

२००४ साली असे आढळले की गरोदर स्त्रीच्या रक्तात या आवरणाऱ्या पेशी वाढतात. त्याच वर्षी उंदरांवरील एका प्रयोगातून दिसले की या पेशी काढून टाकल्या, तर बापाच्या परक्या खुणा असलेली पिल्ले आईच्या पोटात टिकत नाहीत. २०१२ साली, पुन्हा उंदरांवरील प्रयोगातच, आढळले की यांतील काही पेशी बाळंतपणानंतरही मागे राहतात आणि पुढच्या खेपेला त्या लवकर कामाला लागतात. शरीर वैऱ्याची आठवण ठेवते हे आपल्याला लसीमुळे माहीत होते. ते पाहुण्याचीही आठवण ठेवते, हे नव्याने कळले.

बाळही आपल्या परीने हातभार लावते. वारेच्या काठावरील त्याच्या पेशी परकेपणाच्या ठळक खुणा झाकून ठेवतात आणि एक खास खूण पुढे करतात. ती पाहून आईचे पहारेकरी हात आखडता घेतात. दारात उभा असलेला पाहुणा जसा आधी आपली ओळख सांगतो, तसेच हे.

हे सारे ठरल्या वेळी घडते. २०१७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी निरोगी गरोदर स्त्रियांचे रक्त गरोदरपणाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर आणि बाळंतपणानंतर तपासले. त्यातील पेशींचे बदल इतके नेमक्या क्रमाने होतात की रक्तावरून कितवा आठवडा चालू आहे याचा अंदाज करता येतो. त्यांनी याला घड्याळाची उपमा दिली. आई झोपलेली असते, स्वयंपाक करत असते, लोकलमध्ये उभी असते, आणि हे घड्याळ आत चालू असते.

याची किंमतही आहे. याच काळात इन्फ्ल्युएन्झा गरोदर स्त्रीला अधिक जड जातो. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस-ई प्रकारची कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतू शकते. म्हणून घरातल्यांनो, गरोदर बाईला उकळलेले पाणी देणे आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या लसी वेळेवर घ्यायला लावणे, हे नुसते लाड नव्हेत. दार उघडून उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीशी उभे राहण्याचा तो मार्ग आहे. धनुर्वाताच्या इंजेक्शनाने आईत तयार झालेली प्रतिद्रव्ये वारेतून बाळाला मिळतात. आईचा पहारा तेव्हा बाळाचाही पहारा होतो.

दोन चुकीची उत्तरे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. परक्याला स्वीकारायचे म्हणजे काय करायचे?

आपल्याकडे याची दोन उत्तरे प्रचलित आहेत. पहिले उत्तर कुंपणाचे. आपले ते आपले, परके ते परके. दार उघडले की घर गेले. दुसरे उत्तर पुसून टाकण्याचे. स्वीकारायचे तर स्वतःला विसरा, स्वतःचे असे काही ठेवू नका. हे दुसरे उत्तर आपण विशेषतः स्त्रियांना देतो. सुनेने सासरी साखरेसारखे विरघळून जावे, आईने मुलांसाठी स्वतःला संपवावे, असे आपण कौतुकाने म्हणतो. त्यागाच्या नावाखाली एखादी बाई आजारपण अंगावर काढते, तेव्हा तिच्या मयताला आपण तिची स्तुती करतो.

निरोगी गरोदरपण या दोन्ही उत्तरांना धरून चालत नाही. तिथे पहारा जागा आहे आणि पाहुणाही सुखरूप आहे. आई आईच राहते, बाळ बाळच राहते. कोणी कोणात विरघळत नाही. आई स्वतःला खरोखर संपवू लागली, तर बाळही धोक्यात येते. स्वीकार म्हणजे स्वतःचा अभाव नव्हे. आपण कोण हे ठाऊक असलेल्याने, जागेपणी, समोरच्याला ओळखून केलेली ती जागा आहे.

पेशींकडून काय शिकू नये

इथे सावध राहिले पाहिजे. निसर्गात एखादी गोष्ट घडते म्हणून ती नीतीचा नियम होत नाही. पेशी प्रेम करत नाहीत, क्षमा करत नाहीत. संत थॉमस अक्वायनस यांनी एक मोलाचा भेद सांगितला आहे. माणसाकडून घडणारी प्रत्येक क्रिया ही मानवी कृती नव्हे. हृदय धडधडते, केस वाढतात, त्या क्रिया माणसात घडतात. मानवी कृती ती, जी माणूस जाणून आणि स्वतःच्या इच्छेने करतो. पाप आणि पुण्य, दोष आणि गुण यांचा प्रश्न तिथेच येतो.

हा भेद नुसता पुस्तकी नाही. त्याने काही जखमा भरून येऊ शकतात. दिवस गेलेले असताना ज्यांचे मूल पोटातच गेले, अशा माता आपल्यात आहेत. त्यांतल्या काही जणी वर्षानुवर्षे मनात म्हणत असतात, ‘माझ्याच शरीराने त्याला नाकारले.’ भगिनींनो, तुमच्या रक्तात जे घडले वा घडले नाही, ती तुमची कृती नव्हती. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ आपोआप पडतो, त्यांतील सुमारे निम्म्या वेळा कारण गर्भाच्याच गुणसूत्रांतील दोष हे असते. तुम्ही जड उचलले म्हणून, उपास केला म्हणून, मनात कधी कंटाळा आला म्हणून देवाने मूल नेले, असे कोणी म्हणाले असेल, तर ते मनातून काढून टाका. तुमची कृती होती ती त्या बाळाची वाट पाहण्याची. ती देवाजवळ लिहिलेली आहे.

दुसरा सावधपणा. गर्भ हा स्त्रीच्या देहाचाच एक भाग आहे, असे काही जण म्हणतात. रक्तातील पेशी तसे मानत नाहीत. त्यांच्या लेखी तो दुसरा कोणीतरी आहे. पण तेवढ्याने त्याचा हक्क सिद्ध होत नाही, कारण बाहेरून बसवलेली किडनीही पेशींना परकीच वाटते. गर्भधारणेपासून प्रत्येक मानवी जीव मान देण्याजोगा आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण प्रयोगशाळेवर उभी नाही. आपण त्या जीवाला कोण मानतो यावर विवेकाने आणि श्रद्धेने दिलेले ते उत्तर आहे. आणि ते उत्तर फक्त गरोदर बाईने द्यायचे नसते.

ज्यांच्या रक्तात काही बदलत नाही

मला जे सांगायचे आहे ते इथे आहे. आईच्या देहाला निसर्ग तयार करतो. बापाच्या रक्तात अशी कोणतीही तयारी होत नाही. सासूच्या, सासऱ्याच्या, शेजाऱ्यांच्या, फादरांच्या रक्तात तर नाहीच नाही. आपल्या रक्तातले पहारेकरी काल होते तसेच आजही असतात. म्हणजे आपल्याला पाहुणा स्वीकारायचा असेल, तर तो पूर्णपणे मनाने, ठरवूनच स्वीकारावा लागतो.

आगमनकाळात आपल्यासमोर संत योसेफ येतो तो याचसाठी. मरिया वाग्दत्त आहे आणि तिला दिवस गेले आहेत. बाळ त्याचे नाही. कुंपणाचे उत्तर त्याच्या हातात होते आणि नियमही त्याच्या बाजूने होता. भला माणूस असल्यामुळे तिची बेअब्रू न करता, गुपचूप बाजूला व्हावे, असे त्याने ठरवलेही होते. मग स्वप्नात देवदूताने त्याला सांगितले आणि तो उठला. शुभवर्तमानात योसेफाचा एकही शब्द नाही, फक्त त्याच्या कृती आहेत. त्याने मरियेला घरी आणले. बाळाला येशू हे नाव दिले. त्या समाजात मुलाला नाव देणे म्हणजे त्याला आपला म्हणणे. जे मरियेच्या देहात निसर्गानेही घडत होते, ते योसेफाने केवळ आपल्या इच्छेने केले. आणि असे करताना तो योसेफच राहिला : दाविदाच्या घराण्यातला, हातात हत्यार धरणारा सुतार, घराची राखण करणारा. हेरोदापासून बाळाला वाचवायला रातोरात मिसरला निघाला तोही तोच. पहारेकरी आणि यजमान एकाच माणसात होते.

आपली परीक्षा इथेच आहे. मुलगा असो वा मुलगी, आईच्या रक्तातील ती तयारी होते. मुलगा की मुलगी हे घर विचारते. आपल्या महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांत आधी, गर्भलिंग-तपासणीविरुद्ध कायदा केला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ झाली. हे आकडे कोणत्याही आईच्या रक्तातून आलेले नाहीत. ते आपल्या ओट्यांवरच्या गप्पांतून, ‘यंदा तरी मुलगा होऊ दे’ या आशीर्वादांतून आलेले आहेत.

गतिमंद मूल होणार असे कळल्यावर आपण त्या जोडप्याच्या घरी जातो की त्यांना टाळतो? लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी मिस्साला आली, तर तिच्या बाकावर कोणी बसते का? तिला आपण सांगतो की बाळाला नाकारू नकोस. योग्यच सांगतो. पण तेच आपण तिला नाकारत असू, तर आपला शब्द पोकळ ठरतो. तिने नऊ महिने दार उघडे ठेवावे आणि आपण आपले दार नऊ मिनिटेही उघडू नये, हा कोणता न्याय?

वसईतील आपल्या गावांनाही हाच प्रश्न पडला आहे. वाडीच्या कडेला इमारती झाल्या, नवी माणसे आली, त्यांतले काही आपल्याच श्रद्धेचे आहेत आणि त्यांना मराठी मिस्सा कळत नाही. आपली मराठी, आपली कुपारी आणि वाडवळी बोली, आपली गाणी टिकावीत ही तळमळ रास्त आहे. ती सोडू नये. जो आपली भाषा विसरला त्याच्याकडे पाहुण्याला द्यायला काय उरते? पण भाषा जपणे म्हणजे शेजारी राहायला आलेल्या कुटुंबाचे नावही माहीत नसणे नव्हे. गावाला पहारेकरी हवेत, तशीच त्यांना आवरणारी शहाणी माणसेही हवीत. बैठकीत आवाज चढले की एखादे वडीलधारे माणूस ‘थांबा, आधी ऐकून घेऊ’ म्हणते. गावाच्या रक्तातल्या त्या नियामक पेशी समजा. अशी माणसे कमी झाली की गाव स्वतःवरच चालून जाते.

नाताळच्या आधी अजून थोडे दिवस आहेत. गोठा करू, तारा लावू, करंज्या करू. त्याबरोबर एक काम करता आले तर करावे. आपल्या वस्तीत जी गरोदर आहे, जिचे मूल गेले आहे, किंवा जिच्याकडे पाहून लोक कुजबुजतात, तिच्या घरी जावे. उपदेश करू नये. मरिया एलिझाबेथच्या घरी गेली आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली, एवढेच शुभवर्तमान सांगते. आपण निदान तासभर बसावे.

संत योसेफाने ज्या मनाने मरियेला आणि तिच्या बाळाला आपल्या घरात घेतले, ते मन प्रभू आपल्या प्रत्येकाला देवो.

तुमचा,
धर्मगुरू